ताबी ताबी पो

काल रात्री भाच्याबरोबर 'ट्रेसे' परत लावली, ती नेटफ्लिक्सवरची फिलिपिनो भुताखेतांची ॲनिमेटेड सिरीज. दहा मिनिटं झाली नाहीत तोवर हा म्हणे, मामा, हे त्यांचं अस्वांग भूत म्हणजे व्हँपायरच ना? लहान आहे, सोडून दिलं. पण आज सकाळी आमच्या ग्रुपवर एका शहाण्याने लिहिलं की आधी सगळी भुतं नीट समजावून द्यायला हवी होती, जगभरच्या लोकांना कसं कळणार. डोकंच फिरलं. ड्रॅक्युला बघताना तुला कोणी ट्रान्सिल्व्हेनियाचा नकाशा दिला होता का रे?

मी सेकंड इंजिनियर असताना आमचं जहाज फिलिपिन्सच्या सुबिक बंदरात ड्रायडॉकमध्ये होतं. एका संध्याकाळी आमच्या इंजिन रूममधल्या फिलिपिनो ऑइलरबरोबर बाहेर पडलो, वाटेत त्याला लघवीला लागली, झाडामागे गेला आणि आधी हळूच म्हणाला, "ताबी ताबी पो." म्हटलं कोण आहे रे तिकडे? तर म्हणे, सेकंड, वारूळ आहे, आत नुनो असतो म्हातारा, सांगितल्याशिवाय उभं नाही राहायचं. जरा बाजूला व्हा हो, असं. तो 'पो' वडीलधाऱ्यांशी बोलताना लावतात! माझी आजी मालवणात राखणदाराला गाऱ्हाणं घालायची, मला पुढे काही विचारावंच लागलं नाही.

बुजेट टान आणि काजो बाल्दिसिमो या दोघांचं ट्रेसे हे मुळात कॉमिक, २००५ मध्ये त्यांनी ते झेरॉक्स काढून विकायला सुरुवात केली. झेरॉक्स! तेव्हा कुठली जगभरची माणसं होती डोळ्यासमोर? मनिलाची होती. म्हणून तर २०२१ मध्ये त्याची सिरीज नेटफ्लिक्सवर आली तेव्हाही सुरुवात कशी, तर एमआरटी, म्हणजे मनिलाची मेट्रो, मध्येच बंद पडते आणि लोक उतरून रुळांवरून चालायला लागतात. लोकलवाल्याला हे समजवायला लागतं? नायिका अलेक्झांड्रा ट्रेसेच्या त्या जुळ्या बॉडीगार्डांची नावं क्रिस्पिन आणि बासिलिओ, ती थेट त्यांचा मोठा लेखक होजे रिझाल याच्या १८८७ च्या कादंबरीतली दोन पोरं, तिकडे शाळेत सगळे वाचतात. सिरीज थांबून हे सांगत बसत नाही. ज्याला कळलं तो हसला, बाकीच्यांचं काही अडलं नाही.

बरं, मान्य, सहाच एपिसोड आहेत आणि भुतांची गर्दी फार होते, शेवटी शेवटी मीही रिवाइंड केलं.

आणि खरा राग यायचाच असेल तर इंग्लिशचा यावा ना. आपल्याकडे लावली की सगळे अमेरिकन इंग्लिश बोलायला लागतात, मनिलाचा टिकबालांग, तो घोड्याच्या तोंडाचा, तोसुद्धा! फिलिपिनो आवाज आहेत, पण ते सेटिंगमध्ये जाऊन शोधायचे. त्या ऑइलरला मेसेज केला होता तेव्हा, कशी वाटली म्हणून. म्हणाला, सेकंड, आधी इंग्लिशमध्ये बघितली, मजा आली, पण भीती नाही वाटली. मग फिलिपिनो लावली तर बायको म्हणाली, बंद कर, पोरं झोपलीत.

भाच्याला आज फिलिपिनो लावून दिली, खाली सबटायटल. कुरकुरला, पण मग गप्प बसून बघत होता. अस्वांग म्हणजे काय, परत विचारलं नाही.

माझं म्हणाल तर गेल्या महिन्यात गावी गेलो होतो, परसात वारुळाच्या बाजूने जाताना तोंडातून आपोआप "ताबी ताबी पो" निघून गेलं. आमच्या नागोबाला काय कळलं देव जाणे.