‘आधार दिलं की नागरिक झाला’ : जरीपटक्यातून एक उत्तर

मागच्या पंधरवड्यात एकच मजकूर मला चार ठिकाणांहून आला. आमच्या गल्लीच्या ग्रुपवरून, शाळेतल्या मैत्रिणींकडून, भजनी मंडळातून आणि शेवटी माझ्या मामेभावाकडून. मजकूर थोडक्यात असा: ‘सावधान! निर्वासितांना आणि आश्रय मागायला आलेल्यांना आधारमध्ये घ्या अशी मागणी होते आहे. आधार मिळालं की ते नागरिक होणार, मग मतदार होणार. आपल्या वाट्याचं रेशन खाणार. कोण कुठला माणूस माहीत नाही, त्याला नंबर दिला तर देशाची सुरक्षा गेली. जगात एकही देश असं करत नाही. ज्यांना ओळखपत्र पाहिजे त्यांनी आपल्या देशाकडून आणावं.’

मी सात वर्षं आधार नोंदणीच्या मशीनवर बसले. आता नागपूरच्या जरीपटक्यात लोकांचे अर्ज भरून देते. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या लोकांनी ही वस्ती उभी केली, आणि पाकिस्तानातून हिंदू कुटुंबं त्यानंतरही येत राहिली. त्यामुळे मजकुरातले ‘ते’ माझ्या टेबलासमोर रोज बसतात. मामेभाऊ फोनवर म्हणाला, “ताई, तू रोज हेच पाहतेस, मग सांग ना यात खोटं काय आहे?” सांगते.

‘आधार मिळालं की नागरिक झाला.’ आधारचा कायदा २०१६ चा आहे. त्याचं कलम ९ सरळ सांगतं की आधार क्रमांक किंवा त्याची पडताळणी एवढ्यावरून कोणालाही नागरिकत्वाचा वा अधिवासाचा हक्क मिळत नाही, आणि तो त्याचा पुरावाही नाही. घरी पोस्टाने आलेलं आधारचं पत्र काढून बघा. आधार ओळखीचा पुरावा आहे, नागरिकत्वाचा नाही, असं त्यावरच छापलेलं असतं. आपण ते वाचत नाही, एवढंच.

कायद्यात आधार कोणाला मिळतं? ‘रहिवाशा’ला. अर्जाच्या आधीच्या बारा महिन्यांत एकूण १८२ दिवस किंवा जास्त जो भारतात राहिला, तो रहिवासी. शब्द ‘नागरिक’ असा नाहीच. पहिलं आधार २९ सप्टेंबर २०१० ला आपल्याच राज्यात, नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत दिलं गेलं. तेव्हापासून ही व्यवस्था ‘हा माणूस कोण’ एवढ्याच प्रश्नाचं उत्तर देते. नागरिकत्व ठरतं १९५५ च्या कायद्याने आणि तो दरवाजा पूर्ण वेगळा आहे.

याचा पुरावा शोधायला लांब जायला नको. २०१६ मध्ये केंद्राने पाकिस्तान, बांगलादेश आणि अफगाणिस्तानातून आलेल्या, लाँग टर्म व्हिसावर राहणाऱ्या अल्पसंख्याकांना बँक खातं, पॅन, ड्रायव्हिंग लायसन्स, राहण्यापुरतं घर आणि आधार घेण्याची मुभा दिली. त्याच वर्षी देशातल्या १६ जिल्ह्यांच्या कलेक्टरांना अशा लोकांच्या नागरिकत्वाच्या अर्जांवर निर्णय घ्यायचे अधिकार दिले आणि त्या यादीत नागपूर होतं. आधार मिळाल्याने नागरिक होता आलं असतं तर तो दुसरा आदेश काढायची गरजच नव्हती. जरीपटक्यात मी अशी माणसं ओळखते ज्यांच्या खिशात आधार आहे आणि नागरिकत्वाची फाइल घेऊन ती अजून सिव्हिल लाइन्समधल्या कलेक्टर ऑफिसच्या चकरा मारताहेत.

मतदार यादीचंही तसंच. यादीत नाव घालताना ‘मी भारताचा नागरिक आहे’ असं लिहून द्यावं लागतं, आणि ते खोटं असेल तर शिक्षा आहे. बिहारच्या मतदार यादीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२५ मध्ये आधार ओळखीसाठी घ्या म्हटलं, पण ते नागरिकत्वाचा पुरावा नाही हेही तिथंच बजावलं. त्याच्या महिनाभर आधी मुंबई उच्च न्यायालयानेही हेच सांगितलं होतं. काही लोक आधार दाखवून यादीत घुसले असतील, हे मी नाकारत नाही. पण ती चूक मतदार यादीच्या टेबलावरची आहे. तिथं बसलेल्या माणसाने चुकीचा कागद चुकीच्या कामासाठी घेतला, म्हणून कागदच बंद करा म्हणणं म्हणजे रोग एकीकडे आणि औषध भलतीकडे.

रेशनचा मुद्दा दोन ओळींत संपतो. धान्य मिळतं ते रेशनकार्डावर आणि लाभार्थी यादीत नाव असेल तर. रेशन दुकानातल्या पॉस मशीनवर अंगठा लावला की तुम्ही यादीतलेच आहात का, एवढं तपासलं जातं. यादीत नाव नसलेल्या माणसाने शंभरदा अंगठा लावला तरी मूठभर तांदूळ निघत नाही. हिवाळ्यात आपण ज्यांच्याकडून स्वेटर घेतो ते तिबेटी आपल्याच विदर्भात, अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या वसाहतीतही राहतात. इतक्या वर्षांत त्यांनी कोणाच्या ताटातलं काढून नेलं, हे मजकूर पाठवणाऱ्यांनी मला दाखवावं.

आता सुरक्षेचा मुद्दा. यावर मला जास्त बोलायचं आहे, कारण हा मुद्दा ऐकायला सगळ्यात खरा वाटतो.

२२ एप्रिल २०२५ ला पहलगामचा हल्ला झाला. दोनच दिवसांत केंद्राने पाकिस्तानी नागरिकांचे व्हिसा २७ एप्रिलपासून रद्द केल्याचं जाहीर केलं आणि हिंदूंना आधी दिलेले लाँग टर्म व्हिसा चालू राहतील असंही स्पष्ट केलं. त्या आठवड्यात माझ्याकडे रांग होती. घाबरलेली माणसं, हातात प्लॅस्टिकच्या फाइली. एक म्हातारे दादा पुन्हा पुन्हा तोच कागद उघडून मला तारीख वाचायला लावत होते. ज्यांची नोंद होती त्यांचं काय करायचं हे सरकारला दोन दिवसांत ठरवता आलं, कोणाला थांबू द्यायचं आणि कोणाला जायला सांगायचं हे दोन्ही. कारण नाव, पत्ता, फोटो, मुदत, सगळं समोर होतं. ज्याची कुठंच नोंद नाही, त्याला असा आदेश लागू तरी कसा करणार? तो कोणत्या खोलीत राहतो, कोणत्या नावाने काम करतो, हे पोलिसांनाही माहीत नसतं.

मशीन काय करतं तेही सांगते. दहा बोटांचे ठसे, दोन्ही डोळ्यांची बुबुळं आणि चेहरा घेतला की ते आधीच्या सगळ्या नोंदींशी ताडून पाहिलं जातं. जुळलं तर अर्ज रिजेक्ट होतो. नोंद झाल्यावर दुसऱ्या नावाने दुसरं आधार काढणं म्हणूनच फार अवघड आहे. नोंदीबाहेर ठेवलेला माणूस मात्र चार नावांनी चार खोल्या भाड्याने घेऊ शकतो. मग तो दलालाकडे जातो आणि दलाल त्याला खोटा जन्मदाखला काढून देतो. माझ्या सात वर्षांत मी जे खोटे दाखले पकडले, त्यातले बरेचसे घेऊन येणाऱ्यांना खऱ्या नावाने अर्ज करायची सोयच नव्हती. खरा दरवाजा बंद असला की खोट्या दरवाजाचा धंदा चालतो, हे मी टेबलावर बसून पाहिलं आहे.

इथं कोणी म्हणेल, सर्वोच्च न्यायालयानेच २०१८ च्या आधार निकालात बेकायदा स्थलांतरितांना लाभ मिळणार नाहीत याची काळजी घ्या असं सांगितलं आहे. बरोबर आहे, सांगितलं आहे. पण बेकायदा कोण, हे ठरवणार कोण आणि कसं? भारताने १९५१ च्या निर्वासित करारावर सही केलेली नाही. आपल्याकडे निर्वासितांसाठी वेगळा कायदा नाही. १९४६ च्या परकीय नागरिक कायद्यात हा शब्द नव्हता आणि त्याच्या जागी २०२५ मध्ये आलेल्या नव्या कायद्यानेही असा वर्ग केलेला नाही. तिबेटींसाठी वेगळी सोय आहे, श्रीलंकेच्या तमिळांसाठी वेगळी, तीन देशांतल्या अल्पसंख्याकांसाठी वेगळी. यात न बसणारा, म्हणजे म्यानमारचा किंवा अफगाणिस्तानातला मुसलमान, दिल्लीत संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित संस्थेकडे, यूएनएचसीआरकडे जातो. तिचं कार्ड मिळालं तरी त्या कार्डावर आधार निघत नाही. आधारला व्हिसा लागतो.

आश्रय मागणारा म्हणजे ज्याच्या अर्जाचा निकाल लागायचा आहे तो. निकाल लागेपर्यंत वर्षं जातात आणि ओळखीची सगळ्यात जास्त गरज त्याच काळात असते. गेल्या वर्षी माझ्याकडे एक मुलगी आली, बारावी पास. कडेवर असताना आईने सिंधमधून आणलेली. तिचं आधार होतं, पण परदेशी रहिवाशाचं आधार व्हिसाच्या मुदतीपर्यंतच चालतं. व्हिसाची मुदत संपली होती, वाढवायचा अर्ज दिलेला, उत्तर आलेलं नव्हतं. कॉलेजचा ऑनलाइन फॉर्म आधारशिवाय पुढं सरकेना. तिने काय चूक केली होती? व्यवस्थेत ‘अर्ज प्रलंबित’ असा रकानाच नव्हता. तो रकाना करा एवढीच मागणी आहे: निकाल लागेपर्यंत मुदतीचा, वर्ग स्पष्ट लिहिलेला क्रमांक द्या.

‘जगात एकही देश असं करत नाही.’ तुर्कस्तान करतो. तिथं लाखो सीरियन लोकांची नोंद झाली आणि परदेशी माणसाचा ओळखक्रमांक ९९ ने सुरू होतो, म्हणजे नंबर पाहताक्षणी कळतं की हा नागरिक नाही. इथिओपियाने आपल्या ‘फायदा’ या डिजिटल ओळखीत निर्वासितांना घ्यायला सुरुवात केली आहे आणि तो देश आपल्यापेक्षा कितीतरी गरीब आहे. पाकिस्ताननेसुद्धा अफगाण निर्वासितांना आपल्या राष्ट्रीय नोंदणी संस्थेमार्फत कार्डं दिली, सुमारे १४ लाख.

पण या उदाहरणांची दुसरी बाजू लपवली तर मीही त्या मजकुरासारखंच करीन. पाकिस्तानने २०२३ पासून आधी बिनकागदाच्या अफगाणांना हाकललं आणि पुढे कार्डवाल्यांवरही तीच पाळी आणली. केनियात दुष्काळात पोट भरायला म्हणून निर्वासित छावणीत नाव लिहिलेले हजारो सोमाली वंशाचे केनियन नागरिक नंतर अडकले. ठसे निर्वासितांच्या यादीत सापडले, म्हणून त्यांना स्वतःच्याच देशाचं ओळखपत्र नाकारलं गेलं. आणि बांगलादेशात रोहिंग्यांची गोळा केलेली माहिती म्यानमारला, म्हणजे ज्याच्यापासून ते पळाले त्याच सरकारला दिली गेली. ह्यूमन राइट्स वॉच या मानवी हक्कांच्या संस्थेने २०२१ मध्ये हे उघड केलं. किमान ८ लाख ३० हजार माणसांची माहिती, आणि अनेकांना ती तिकडे जाणार हे कोणी सांगितलंही नव्हतं.

हे वाचून माझ्या पोटात कालवलं, कारण ठसे घेताना समोरचा माणूस किती विश्वासाने हात पुढे करतो ते मला माहीत आहे. मला विचाराल तर डिजिटल ओळखीचा खरा धोका हा आहे, आणि तो आपल्याला नसून त्यांना आहे. आधार कायद्यात ठसे आणि बुबुळं कोणाला देता येत नाहीत, पण राष्ट्रीय सुरक्षेच्या नावाने ओळखीची माहिती उघड करायला अपवाद आहे. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यातही सरकार आपल्या यंत्रणांना सूट देऊ शकतं. म्हणून निर्वासिताची माहिती मूळ देशाला कोणत्याही परिस्थितीत जाणार नाही, असं कायद्यात वेगळं आणि ठळक लिहिलं पाहिजे. नोंद चुकली तर ती दुरुस्त करायला वर्षभर चकरा माराव्या लागू नयेत. हे झालं नाही तर मी स्वतःच अशा नोंदणीच्या विरोधात उभी राहीन.

राहिला शेवटचा मुद्दा: ‘आपल्या देशाकडून कागद आणा.’ सगळ्यात जास्त राग मला याच ओळीचा येतो. म्यानमारने १९८२ च्या नागरिकत्व कायद्याने रोहिंग्यांना आपलं म्हणायचंच नाकारलं. २०१५ मध्ये त्यांच्याकडची तात्पुरती पांढरी कार्डंही रद्द केली. त्यांनी कोणत्या खिडकीवर जाऊन कागद मागायचा? आपल्या बँकांचा केवायसीचा नियम बघा. परदेशी माणसाच्या कागदावर पत्ता नसेल तर त्याच्या देशाच्या सरकारी खात्याचा कागद किंवा वकिलातीचं पत्र पत्त्याचा पुरावा म्हणून चालतं. नोकरीसाठी आलेल्या जपानी इंजिनिअरला हा नियम ठीक आहे. पण ज्याच्या भावाला त्या सरकारने उचलून नेलं, त्याने त्याच सरकारच्या वकिलातीत जायचं, नागपुरातला आपला पत्ता त्यांना सांगायचा आणि पत्र मागायचं?

जगाने हा प्रश्न शंभर वर्षांपूर्वी ओळखला होता. रशियातून पळालेल्या लाखो लोकांचं नागरिकत्व सोव्हिएत सरकारने काढून घेतलं, तेव्हा राष्ट्रसंघाचे, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या आधीच्या जागतिक संघटनेचे, फ्रिड्यॉफ नान्सेन यांनी १९२२ मध्ये त्यांच्यासाठी एक ओळखपत्र सुरू केलं. ‘नान्सेन पासपोर्ट’ म्हणून ते ओळखलं जातं आणि पन्नासहून जास्त सरकारांनी ते मान्य केलं. ते हातात आलं एवढ्याने कोणी फ्रान्सचा किंवा जर्मनीचा नागरिक झाला नाही. त्याला सीमा ओलांडता आली, काम शोधता आलं.

मामेभावाला मी कलम ९ चा आणि त्याच्या स्वतःच्या आधारच्या पत्रावरच्या त्या ओळीचा फोटो पाठवला. अर्ध्या तासाने त्याने विचारलं, “त्या मुलीचं काय झालं?” व्हिसा वाढून आला, पण प्रवेशाची तारीख गेल्यानंतर. तिचं एक वर्ष गेलं. या जूनमध्ये ती पुन्हा फॉर्म भरणार आहे, आणि या वेळी मुदत संपायच्या तीन महिने आधीच अर्ज टाकायला मी तिला बसवलं आहे.