वास येणाऱ्या सर्व वस्तू

कॅलिफोर्नियातील योसेमिटीची दरी जनतेच्या मालकीची आहे, याविषयी कोणाच्याही मनात शंका राहू नये अशी व्यवस्था अमेरिकन सरकारने फार पूर्वीच करून ठेवली आहे. यादवी युद्ध ऐन भरात असताना, १८६४ साली, अब्राहम लिंकन यांनी ही दरी सर्वांच्या उपयोगासाठी आणि करमणुकीसाठी राखून ठेवणाऱ्या कायद्यावर सही केली, आणि पुढे १८९० साली भोवतालच्या प्रदेशाचे राष्ट्रीय उद्यान झाले. मी या देशात नियमाने कर भरतो, त्यामुळे त्या मालकीत माझाही तिळाएवढा वाटा आहे असे मी धरून चालतो. मात्र मालकाला आपल्याच दरीत तंबू ठोकून झोपावेसे वाटले, तर त्याला काय काय करावे लागते, याचा लिंकन यांच्या कायद्यात कोठेही उल्लेख नाही.

सर्वांत आधी आरक्षण लागते. महिन्याच्या १५ तारखेला सकाळी ठीक सात वाजता, पाच महिन्यांनंतरच्या जागा संकेतस्थळावर खुल्या होतात आणि उन्हाळ्यातल्या जागा तर आपण तारीख निवडून पुढचे बटण दाबेपर्यंत संपलेल्या असतात. ज्याने दिवाळीच्या तोंडावर तत्काळची तिकिटे काढली आहेत त्याला हा प्रकार ओळखीचा वाटेल. फरक इतकाच, की तत्काळमध्ये निदान डोक्यावर डब्याचे छप्पर मिळते. आम्हाला अप्पर पाइन्स या कॅम्पग्राउंडमध्ये रात्रीचे ३६ डॉलर मोजून जे मिळाले, ते म्हणजे थोडी सपाट जमीन, एक लाकडी टेबल, शेकोटीसाठी एक लोखंडी कडे आणि तपकिरी रंगाची एक पोलादी पेटी.

या पेटीचे मूळ अस्वलांत आहे. एके काळी याच उद्यानात, कचऱ्याच्या ढिगावर जेवायला येणारी अस्वले पाहण्यासाठी संध्याकाळी रीतसर कार्यक्रम होत असत आणि प्रेक्षक बसून त्यांचा आनंद घेत. १९४० च्या सुमारास हे खेळ बंद झाले, परंतु माणसाच्या अन्नाची लागलेली चव अस्वलांनी सोडली नाही. १९९८ या एका वर्षात त्यांनी तेथे हजाराहून अधिक गाड्या फोडल्या. गाडीच्या दाराच्या वरच्या कडेत नखे अडकवून सगळी चौकट खाली वाकवण्याची कला त्यांना साधलेली आहे. म्हणून आता नियम असा, की वास येणारी प्रत्येक वस्तू पेटीत ठेवायची, तंबूत ठेवायची नाही, रात्री गाडीतही ठेवायची नाही, आणि हे न पाळणाऱ्यास पाच हजार डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो. वास येणाऱ्या वस्तूंत साबण, टूथपेस्ट, सनस्क्रीन, ओले रुमाल, कचरा आणि न उघडलेले हवाबंद डबेसुद्धा येतात.

आई तेव्हा सांगलीहून आमच्याकडे आली होती. तिला धीर यावा म्हणून मी सांगितले, की येथे फक्त काळी अस्वले आहेत, त्यांतली बहुतेक रंगाने तपकिरी असतात, आणि कॅलिफोर्नियाच्या झेंड्यावर ज्याचे चित्र आहे ते भयंकर ग्रिझली अस्वल या राज्यातून शंभर वर्षांपूर्वीच नामशेष झाले. तिने हे सर्व शांतपणे ऐकून घेतले आणि एवढेच विचारले, "आता जे उरलंय ते चावतं का?"

हा नियम लिहिणाऱ्यांनी पाव, चीज आणि सफरचंदे घेऊन जंगलात येणारी माणसे डोळ्यांसमोर ठेवली असावीत, याबद्दल मला शंका नाही. ती पेटी सुमारे ४५ इंच रुंद, ३३ इंच खोल आणि १८ इंच उंच असते. त्या मानाने ती कंजूष मुळीच नाही. पण आमच्या गाडीतून उतरू लागला तो गोडा मसाला, मेतकूट, लसणाची चटणी, लिंबाचे लोणचे, भाजणी, तूप, ताज्या पोह्यांचा चिवडा, डिंकाचे लाडू आणि "लागली तर असू दे" या सदराखाली घेतलेली सुकटीची पिशवी. हे झाल्यावर मी आईची दुसरी पिशवी उघडली. तीत खोबरेल तेल, उदबत्त्या, कापूर, अमृतांजन, सुंठीची पूड आणि ओव्याचा अर्क निघाला. प्रत्येक वस्तू मी नाकाशी धरून पाहत होतो आणि प्रत्येक वस्तू पेटीत जात होती. शेवटी तंबूत न्यायला कायद्याने निर्वेध अशा तीनच गोष्टी उरल्या: पांघरुणे, विजेरी आणि आईची पर्स, जिच्यात पासपोर्ट असल्यामुळे ती तिने कोणाच्याही हाती देण्याचे साफ नाकारले.

"रस्त्याकडेच्या उघड्या पेटीत एवढं सगळं सामान ठेवायचं?" आईने विचारले. "आणि कुलूप?"

"कुलूप नाही, आई. फक्त कडी."

"म्हणजे अस्वलाला उघडत नाही आणि चोराला उघडतं."

या वाक्यातली विसंगती मी आजवर कोणालाही सोडवून दाखवू शकलेलो नाही.

संध्याकाळी रेंजरबाई फेरीवर आल्या. त्यांनी अत्यंत सौजन्याने आमची पेटी उघडायला सांगितली, आत डोकावल्या, आणि दोन पावले मागे सरकून विचारले, की आमचा मुक्काम किती महिने आहे. मग त्यांनी नियम सांगितले. शेकोटी संध्याकाळी पाच ते रात्री दहा या वेळातच पेटवावी; दरीतली वाळकी काटकीसुद्धा उचलू नये, लाकूड विकत आणावे; दहानंतर सकाळी सहापर्यंत शांतता पाळावी; आणि अन्न बाहेर काढले, की ते हाताच्या अंतरावर असले पाहिजे. सॅन होजेतील आमच्या सोसायटीच्या सचिवांना मी उगाच नावे ठेवत आलो आहे, असे मला त्या क्षणी वाटले. मुक्त निसर्गाच्या मानाने तो गृहस्थ फारच सैल निघाला.

हाताच्या अंतराचा नियम अस्वलांसाठी असला, तरी त्याचा प्रत्यय दुसऱ्यांनीच दिला. बायकोने पिठल्याला फोडणी दिली आणि तो खमंग दरवळ पाइनच्या झाडांतून संथपणे पसरू लागला, तेव्हा शेजारच्या चार तंबूंतून माना बाहेर आल्या. त्याच वेळी टेबलाच्या एका टोकाला निळ्या रंगाचा, डोक्यावर काळा तुरा असलेला स्टेलर्स जे नावाचा पक्षी येऊन बसला आणि आमच्याकडे रोखून पाहू लागला. आम्ही सगळे त्या पक्ष्याचे कौतुक करण्यात गुंतलो असताना दुसऱ्या टोकाने एक खार चढली. ती पोळीच्या डब्यापाशी आली, वरची पोळी तिने दातांत धरली, आणि आपल्यापेक्षा मोठी ती पोळी फरफटत, वाटेत तिची एक घडीही पडू न देता, खडकाखाली नेली. आईने हातातले उलथणे तसेच धरून ठेवले होते. "मऊसूत झाल्या आहेत म्हणूनच नेली," ती म्हणाली, आणि उरलेल्या पोळ्यांवर झाकण ठेवले.

ताटे आधी चाटूनपुसून आणि मग धुऊन, धुतल्याचे पाणी झाडाखाली न ओतता नेमून दिलेल्या जागी नेऊन, सांडलेली शिते वेचून, सर्व काही पेटीत परत घालून आम्ही झोपलो तेव्हा दहा वाजून गेले होते. तंबूत हिंगाचा मंद वास येत होता. तो माझ्या हातांना असणार असे समजून मी बाहेर जाऊन पुन्हा एकदा हात धुऊन आलो. त्यासाठी साबण पेटीतून काढावा लागला आणि पेटीत परत ठेवावा लागला.

मध्यरात्री आईने हाक मारली. तिचे डोके दुखत होते आणि तिला अमृतांजन हवे होते. अमृतांजन पेटीत होते. या पेट्या अस्वलाच्या ताकदीचा विचार करून बनवलेल्या असल्यामुळे त्यांची दारे मनुष्यप्राण्याने कितीही हळुवारपणे उघडली, तरी तोफ डागल्यासारखा आवाज होतो, आणि ग्रॅनाइटचे कडे तो आवाज दरीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पोहोचवतात. एका तंबूत मूल रडू लागले. दुसऱ्यातून कोणीतरी "बेअर?" असे ओरडले. मी अंधारात "नो, बाम" असे उत्तर दिले, ते बहुधा कोणालाच समजले नाही.

खरा पेच त्यानंतर उभा राहिला. बाम आईच्या कपाळाला लागले, बाटली पेटीत गेली. पण आता वास येणाऱ्या वस्तूंत स्वतः आईचाच समावेश होत होता. नियमपत्रिकेत अशा प्रसंगाची तरतूद नव्हती. मी विजेरीच्या उजेडात ती सर्व पाने पुन्हा वाचत असताना आई गाढ झोपी गेली आणि घोरूही लागली. शांततेच्या नियमाचे काय करावे, याचा विचार मी उजाडेपर्यंत करत राहिलो.

सकाळी कॅम्पग्राउंडमध्ये गडबड होती. अस्वल रात्री खरोखरच येऊन गेले होते. पलीकडच्या रांगेतील एका कुटुंबाने आपली बर्फाची पेटी टेबलावरच विसरली होती, आणि अस्वलाने तीतले पाव, सॉसेज आणि मार्शमेलोची आख्खी पिशवी फस्त केली होती. रेंजरबाई आम्हाला धुळीतले ठसे दाखवायला घेऊन आल्या. ते आमच्या पेटीच्या अगदी जवळून गेले होते. अस्वल तेथे थांबले असावे, कारण एके ठिकाणी चार ठसे एकत्र उमटले होते, आणि तेथून ते वळून सरळ शेजाऱ्यांकडे गेले होते.

आई त्या ठशांकडे बराच वेळ पाहत राहिली. "म्हणजे इथवर आलं, वास घेतला, आणि पाव खायला गेलं?" तिच्या आवाजात सुटका झाल्याचा लवलेशही नव्हता. गोडा मसाला तिने घरी, सांगलीत, स्वतः भाजून कुटलेला होता.

थोड्या वेळाने तिला उलगडा झाला. मुंग्या, झुरळे, पोटातला वायू, हे सगळे ज्याला भिते त्याला अस्वलही भ्यायले असणार. "त्यांना सांग," तिने मला फर्मावले, "की प्रत्येक पेटीला हिंगाची एकेक पुरचुंडी बांधा म्हणावं. एवढं लोखंड लागायचं नाही." मी ही सूचना शक्य तितक्या सन्मानपूर्वक इंग्रजीत मांडली. रेंजरबाईंनी ती गंभीरपणे ऐकून घेतली, हिंग म्हणजे नेमके काय ते विचारले, त्याचा वास किती दूरवर जातो तेही विचारले, आणि मग म्हणाल्या, की त्यांना तो पदार्थ पाहायला आवडेल.

मी पेटीकडे वळलो.

"तिथं नाही रे," आई म्हणाली, आणि तिने पर्सची चेन उघडली.