श्रद्धा आहेच, पण ठोसेही तिचेच
आयरिश बॉक्सर केटी टेलरवरचा लेख वाचनीय आहे, पण 'देवावर भरवसा म्हणून ती जिंकत गेली' हा त्यातला सूर पटला नाही. भरवसा २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकलाही होताच की! तिथे फिनलंडच्या मीरा पोट्कोनेनने तिला उपांत्यपूर्व फेरीतच घरी पाठवलं. प्रशिक्षक असलेल्या वडिलांची साथही त्याआधीच सुटली होती. लढतीआधी आईसोबत प्रार्थना करणं मात्र तिने सोडलं नाही. मला तरी तिची श्रद्धा जिंकण्यापेक्षा इथे जास्त दिसते.

लहानपणी मुलींना रिंगमध्ये कोण उभं करत होतं? आयर्लंडमधल्या ब्रे गावची ही पोर 'के. टेलर' एवढंच नाव लावून, केस हेडगार्डखाली खोचून मुलांशी लढायची. हेडगार्ड उतरलं की समोरच्याच्या घरच्यांची तोंडं बघण्यासारखी होत असणार! २००१ मध्ये डब्लिनला आयर्लंडमधली बायकांची पहिली अधिकृत लढत झाली, त्यात ती होती, वय १५.

पोर्तो रिकोची बॉक्सर अमांडा सेरानो हिच्याविरुद्धची २०२२ ची न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमधली लढत ज्यांनी पाहिली नसेल त्यांनी निदान पाचवी फेरी बघाच. केटी अक्षरशः लटपटत होती. तरी उरलेल्या पाच फेऱ्या रेटल्या आणि तीनपैकी दोन पंचांनी कौल तिला दिला.

लंडन २०१२ ला केटीला सुवर्ण आणि आपल्या मेरी कोमला कांस्य मिळालं. मेरीही श्रद्धेबद्दल मोकळेपणाने बोलते. पुढचा लेख या दोघींवर येऊ द्या.