‘भाराभर चिंध्या’ म्हणणाऱ्या ठाणेकरांना

नमस्कार, स्पष्टवक्ता ठाणेकर.

विज्ञान आणि ग्लोबल स्टडीज (देशादेशांतले संबंध, करार, धोरणं) या दोन पदव्या एकाच विद्यापीठात जोडून करायच्या दुहेरी पदवीवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही जे लिहिलंत ते आधी जसंच्या तसं इथे ठेवते. नंतर मी ते वाकवलं असं नको: “ताई, ही जोडपदवी म्हणजे एक ना धड भाराभर चिंध्या. चौथ्या वर्षाची फी कोण भरणार? यूजीसीने २०२२ पासून इथेच दोन पदव्या एकदम करायची मुभा दिली आहे. नवी मुंबईत परदेशी विद्यापीठं येतायत. तुमच्या तक्त्यातले आकडेही चुकलेत. दुकान चालवायचं तर चालवा, पण मुलांना भुलवू नका.”

तक्त्यातली चूक खरी आहे. ‘सत्राला ४८ क्रेडिट’ (क्रेडिट म्हणजे अभ्यासाचा भार मोजायचं एकक) असं पडलं होतं. ते वर्षाला ४८, सत्राला २४. दुरुस्त केलंय, आभार.

आता तुमचा सूर. पहिल्या ओळीत ‘ताई’ म्हणून हात जोडायचे आणि शेवटच्या ओळीत ‘दुकान’ म्हणून झटकायचे, ही रीत सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर चालत असेल. मी कोणत्याही विद्यापीठाची एजंट नाही, कुणाकडून कमिशन घेत नाही. नौपाड्यात बसून अठरा वर्षं मुलांच्या मार्कशीट आणि अभ्यासक्रमांच्या विषय-याद्या समोरासमोर ठेवून जुळवते. एवढ्या वर्षांत नियमपुस्तिका उघडून चिंध्या मोजलेला टीकाकार मला भेटलेला नाही. तुम्हीही मोजलेल्या नाहीत. मोजू या.

तक्ता ऑस्ट्रेलियाचा होता, तर कॅनबेराच्या ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीचाच हिशेब घ्या. तिथे ग्लोबल स्टडीजच्या जवळची पदवी ‘इंटरनॅशनल रिलेशन्स’ या नावाची आहे. एक विषय ६ क्रेडिटचा, सत्राला चार विषय. साधी बीएस्सी तीन वर्षांची, १४४ क्रेडिट, म्हणजे २४ विषय. दोन पदव्या सुट्या केल्या तर २८८ क्रेडिट आणि सहा वर्षं. जोडून केल्या तर १९२ क्रेडिट आणि चार वर्षं. मधले ९६ कुठे गेले? तुमचा समज असा की दोन्ही पदव्यांचे लचके तोडले. प्रत्यक्षात साध्या बीएस्सीतल्या १४४ पैकी ९६ क्रेडिटच विज्ञानाचे असतात, त्यातले ४८ मुख्य विषयाचे. उरलेले ४८ ऐच्छिक: कुणी त्यात छायाचित्रण घेतं, कुणी जपानी भाषा, कुणी मार्केटिंग. जोडपदवीत कात्री लागते ती या ऐच्छिक विषयांना, दोन्ही बाजूंनी. रसायनशास्त्राचे मुख्य आठ विषय साध्या बीएस्सीवाल्यालाही आठच आणि जोडपदवीवाल्यालाही आठच. एकाच प्रयोगशाळेत, त्याच परीक्षेला. मग धड काय राहिलं नाही, सांगा.

गमावतो काय, तेही लिहिते, नाहीतर परत ‘भुलवलं’ म्हणाल. दुसरा मुख्य विषय घेणं अवघड होतं. म्हणजे रसायनशास्त्राला जोडून संख्याशास्त्रही पूर्ण करायचं, हे सहजी जमत नाही. सैल जागा उरत नसल्याने एक विषय नापास झाला की वेळापत्रक हलतं. आणि संशोधनाकडे जायचं तर ऑनर्सचं वर्ष वेगळं, म्हणजे एकूण पाच.

चिंध्या होतात, हे मला मान्य आहे, पण त्या पदवीमुळे होत नाहीत. पहिल्या सत्रात विषय चुकीच्या क्रमाने उचलल्यामुळे होतात. आपल्याकडे बारावीचा निकाल मे महिन्यात, त्यामुळे मुलं जुलैचा प्रवेश धरतात. पण ऑस्ट्रेलियाचं शैक्षणिक वर्ष फेब्रुवारीच्या शेवटी सुरू होतं, जुलै म्हणजे तिथलं दुसरं सत्र. विज्ञानाचे विषय साखळीने बांधलेले असतात: रसायन एक झाल्याशिवाय रसायन दोन नाही, दोन झाल्याशिवाय दुसऱ्या वर्षाचं सेंद्रिय रसायन नाही. ‘रसायन एक’ जिथे फक्त पहिल्या सत्रात शिकवतात, तिथे जुलैत पोचलेल्या मुलाची साखळी सुरूच होत नाही. तो काय करतो? चारही विषय ग्लोबल स्टडीजचे घेतो, कारण निबंध लिहिणं सोपं वाटतं. तिसऱ्या वर्षी एकाच सत्रात प्रयोगशाळेचे तीन विषय अंगावर येतात, प्रत्येकाला आठवड्यातून तीन-चार तासांचं प्रॅक्टिकल. ते चुकवता येत नाही, आणि नेमकं त्याच वेळी दुसऱ्या बाजूचं ट्यूटोरियल. मग तो एक पदवी सोडतो. सोडली की विद्यापीठाकडून नवं नोंदणीपत्र घ्यावं लागतं, आणि अभ्यासक्रमाचा कालावधी बदलला की व्हिसाचे कागदही परत बघावे लागतात.

उपाय अवघड नाही. जुलैत जायचंच असेल तर पहिल्या सत्रात दोन विषय ग्लोबल स्टडीजचे, एक संख्याशास्त्राचा आणि एक विज्ञानाचा, ज्याला आधीची अट नाही. अर्ज करायच्या आधी विषयसूचीत प्रत्येक विषयापुढे ‘कोणत्या सत्रात’ आणि ‘आधी काय लागतं’ हे दोन रकाने बघून आठही सत्रं कागदावर मांडायची. परदेशी देवाणघेवाणीचं सत्र (एक सत्र दुसऱ्या देशातल्या विद्यापीठात) प्रयोगशाळेचे विषय सर्वांत कमी असतील तिथे टाकायचं. शेवटच्या वर्षी नाही. आणि अकरावीला गणित सोडून जीवशास्त्राबरोबर भूगोल किंवा आयटी घेतलेल्यांनी भौतिक, संख्याशास्त्र यांच्या अटी आधी तपासायच्या. पूरक गणिताचा विषय मिळतो, पण तो एक जागा खातो, आणि जागा किती उरतात ते वर मोजलंय.

‘एक ना धड’ला अजून एक उत्तर, तुमच्या माझ्या अंगणातलं. ठाणे खाडीला २०२२ मध्ये रामसर दर्जा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा हा मान, मिळाला. ऐरोलीला फ्लेमिंगो बघायला आपण सगळेच जातो. पलीकडे ऐरोलीपासून तुर्भ्यापर्यंत टीटीसीची (ट्रान्स ठाणे क्रीक) औद्योगिक पट्टी. समजा, खाडीच्या गाळात पारा वाढलाय असं कुणाला दाखवायचं आहे. नुसता गाळ बाटलीत भरून नेला तर आकडा मिळेल, अर्थ मिळणार नाही. धातू चिकटतात ते बारीक मातीला, म्हणून ६३ मायक्रॉनच्या चाळणीखालचा भाग वेगळा काढावा लागतो, नाहीतर वाळू जास्त असलेली जागा स्वच्छ दिसते. कांदळवनाच्या कडेला नळी खोल घालून गाळाचा अखंड खांब काढायचा, त्याचे दोन-दोन सेंटिमीटरचे काप करायचे. खालचा काप जुना, वरचा अलीकडचा. हवा लागू द्यायची नाही, लगेच थंड करायचं, कारण प्राणवायू नसलेल्या गाळातले जिवाणू पाऱ्याचा मिथाइल पारा करतात. माशांत साठून वर चढतो तो हाच. एकूण पारा आणि मिथाइल पारा हे दोन वेगळे आकडे आहेत. हे झालं विज्ञान.

आता हा अहवाल द्यायचा कुठे? रामसर कराराच्या कलम ३.२ प्रमाणे पाणथळ जागेचं ‘पर्यावरणीय स्वरूप’ बदललं किंवा बदलण्याची शक्यता असेल तर सदस्य देशाने कळवायचं असतं. पण बदल म्हणायला आधीची पातळी लागते, आणि ती त्याच गाळाच्या खालच्या कापांत असते. पाऱ्यासाठी वेगळा मिनामाता करार आहे. तो २०१३ मध्ये स्वीकारला गेला, २०१७ पासून लागू, भारताने २०१८ मध्ये मान्यता दिली. कोणतं कलम कशाला लावायचं हे ठाऊक नसलेला रसायनतज्ज्ञ उत्तम आकडे काढून कपाटात ठेवतो. ६३ मायक्रॉन म्हणजे काय ते ठाऊक नसलेला धोरणवाला भलत्याच आकड्यावर भाषण करतो. या दोघांना एकमेकांचं समजावून सांगायला तिसरा माणूस लागतोच. (गोधडीचा दाखला देत नाही. तो तुम्हालाही सुचला असेल.)

बाकीच्या गोष्टी थोडक्यात, कारण तुम्हीही थोडक्यातच लिहिल्यात.

यूजीसीची मुभा: खरी आहे. पण त्या दोन सुट्या पदव्या. आपल्या तीन वर्षांच्या पदवीला १२० क्रेडिट. दोन केल्या तर २४०, एकही सामाईक नाही. सत्राला २०च्या जागी ४०. सकाळी कॉलेजचं प्रॅक्टिकल, रात्री इग्नूची असाइनमेंट, मध्ये कळव्याहून लटकत प्रवास. जमत असेल त्याने जरूर करावं. तिला जोडपदवी मात्र म्हणू नका.

नवी मुंबईतली विद्यापीठं: १४ जून २०२५ ला पाच विद्यापीठांना आशयपत्रं (लेटर ऑफ इंटेंट) दिली गेली. आशयपत्र म्हणजे प्रवेशपत्र नव्हे. जिथे वर्ग सुरू होतील तिथली विषयसूची हातात घेऊन बोलू.

चौथ्या वर्षाची फी: महाग आहे, मी स्वस्त कधी म्हटलं? दुहेरी पदवीने शिक्षणानंतरचा कामाचा व्हिसाही दुप्पट होत नाही. साध्या बॅचलर पदवीनंतर दोन वर्षं, जोडपदवीनंतरही दोनच. कर्ज असेल तर एका वर्षाचं व्याज वाढतं. ज्याला परवडत नाही त्याने करू नये, त्यात वाद काय घालायचा?

तक्ता सुधारला आहे. तुमची प्रतिक्रिया काढलेली नाही, ‘दुकान’सकट तशीच खाली आहे. आठ सत्रांचा कागद मांडून कुठे तुटतंय ते दाखवलंत, तर त्याचं उत्तरही सविस्तर देईन.