अर्धा तास पाण्यात ठेव

टॅबची काच फुटली. सर्व्हिस सेंटरातल्या मुलाने तो हातातही न घेता सांगितलं, "पेस्टेड आहे सर, उघडत नाही. नवीनच घ्या." उघडत नाही! मी टॅब विकत घेतला होता की काशीहून आणलेला गंगेचा गडू?

२०१० सालच्या पहिल्या आयपॅडची काच क्लिपांवर बसवलेली असायची. पुढच्याच वर्षी आयपॅड २ आला तो गोंद फासून. यंत्र बारीक होतं म्हणे. होवो बापडं. ते बारीक झाल्याने कोणाचं काय भलं झालं, हे मला अजून कळायचंय.

तर तपकीर गल्लीतून काच, सक्शन कप, आयसोप्रोपिल अल्कोहोल आणलं, लक्ष्मी रोडवरून गिटारची पिकं, म्हणजे तारा छेडायच्या प्लास्टिकच्या पातळ चकत्या. ("गिटार कुठलं?" "टॅब." पुढे दुकानदार काही बोलला नाही.) तडकलेल्या काचेवर चिकटपट्टी लावली, टॅब बंद केला आणि हेअर ड्रायरने कडा शेकायला बसलो. दार उघडं होतं. पुण्यात दार उघडं ठेवणं हे आमंत्रणच असतं. पेपरची पुरवणी परत करायला वरचे काका आले आणि खुर्ची ओढून बसले.

काका पोस्टातून रिटायर झालेले आणि वर तिकिटं जमवणारे. जगात जे जे चिकटलेलं आहे त्यावर त्यांचं मत असतं.

"काय सोडवतोयस?"

"काच. गोंद तापवून मऊ करायचा आणि कडेने पिक सरकवायचं."

"तापवून? छे. अर्धा तास पाण्यात ठेव. आपोआप सुटेल."

"काका, आत बॅटरी आहे."

"मग ती आधी काढ."

"ती काचेखाली आहे."

"मग काच काढ!"

मी ड्रायर बंद करून त्यांच्याकडे पाहिलं. चेहऱ्यावर चेष्टेचा लवलेश नव्हता.

मग काकांच्या बोलण्यात १८५२चं सिंद डाक निघालं. आशियातलं पहिलं तिकीट. लाल रंगाचं तर लाखेच्या पातळ चकतीवर उठवलेलं, इतकं ठिसूळ की तुकडे पडायचे. "तुझ्या काचेचं तेच," काका म्हणाले, "मटेरियलच चुकलंय." या एका मुद्द्यावर आमचं एकमत झालं.

कप लावून काच जराशी उचलली, फटीत अल्कोहोलचे दोन थेंब सोडले आणि पिक घातलं. चर्र आवाज करत गोंदाच्या काळ्या तारा ताणल्या जायच्या आणि तुटायच्या. सोडवलेल्या जागी पिक तसंच खोचून ठेवावं लागतं, नाहीतर गार होऊन गोंद पुन्हा धरतो. आणि पिक दोन-चार मिलिमीटरच आत. त्याहून खोल गेलं तर केबल कापली जाते किंवा खालचा डिस्प्ले खरवडतो. काकांचं मात्र "आत घाल, आत!" चालू होतं. शेवटी ते वर जाऊन तिकिटांचा चिमटा घेऊन आले. चांगला टोकदार, स्टीलचा.

"काका, तो लांब ठेवा. बॅटरीला टोचला तर पेट घेईल."

"चाळीस वर्षांत एका तिकिटाला टोचलेला नाही."

पटकन काच उचलून ओढायची नसते, खाली केबल असते. मी ती एका बाजूने कलती केली, आधी बॅटरीचा कनेक्टर सोडवला, मग काचेचा. काका श्वास रोखून बघत होते. काच हातात आल्यावर त्यांनी ती उजेडात धरली, तिकिटाच्या दातेरी कडा तपासाव्यात तशा चारही कडा तपासल्या आणि म्हणाले, "दात शाबूत आहेत."

सरकारने २०२२मध्ये राइट टू रिपेअरचं, म्हणजे दुरुस्तीच्या हक्काचं, पोर्टल काढलं. छान झालं. पण स्वतःच्या पैशाने घेतलेली वस्तू उघडायला माणसाने ड्रायर, दारू आणि गिटारचं सामान घेऊन का बसावं, आणि वर सिंद डाक का ऐकावं, याचं उत्तर मला हवंय.

रात्री सोसायटीच्या ग्रुपवर फोटो आला. काच हातात घेतलेले काका. कोपऱ्यात माझं अर्धं कोपर. खाली मजकूर: "माझ्या देखरेखीखाली टॅबची काच सुखरूप निघाली." अंगठ्यांचा नुसता पाऊस. बी विंगच्या काकूंनी विचारलं, "आमचा मोबाईल पण बघाल का?"

काकांचं उत्तर लगेच आलं. "अवश्य आणा. ड्रायर धरायला आपल्याकडे माणूस आहे."