‘युनिव्हर्सिटीत कॉम्प्युटर शिकून काय मिळतं?’ या मेसेजला उत्तर

परवा रात्री साडेदहाला मावसबहिणीचा फोन आला. “अगं, एफडी मोडू का?”

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या घरच्या ग्रुपवर आठवडाभर एक मेसेज फिरतोय. मी तो न वाचताच सोडून दिला होता, ताईने वाचला. तिची मुलगी बारावी सायन्स झालीये, विद्यापीठात कॉम्प्युटर सायन्सला जायचं तिने दहावीपासून ठरवलंय, आणि आता दोन दिवस ती पोर धड जेवत नाहीये. मेसेज थोडक्यात असा: एआय कोड लिहितं, त्यामुळे ही पदवी संपली. विद्यापीठात चाळीस वर्षांपूर्वीचं शिळं शिकवतात. बिल गेट्सने कॉलेज सोडलं. मराठी-गुजराती मिडियमच्या मुलांचा तिथे निभाव लागत नाही. पदवीचा कागद कोणी विचारत नाही. आणि खाली सहा महिन्यांच्या कोर्सची लिंक, ‘नोकरीची हमी’ आणि ‘शेवटच्या अकरा सीट’.

मी एमसीए केलंय आणि सतरा वर्षं डेटाबेसवर काम करतेय, त्यामुळे हे वाचून गप्प बसवत नाही.

‘एआय कोड लिहितं’ आणि ‘शिळं शिकवतात’ हे दोन मुद्दे एकत्रच घेते, कारण नुकसान तिथेच आहे. शब्दकोशात शब्द शोधताना आपण मधलं पान उघडतो, शब्द मागे की पुढे ते बघतो, उरलेल्या भागाचं पुन्हा मधलं पान उघडतो. याला बायनरी सर्च म्हणतात, पहिल्या-दुसऱ्या सेमिस्टरचा धडा. मधलं पान काढायचं तर पहिल्या आणि शेवटच्या पानाच्या आकड्यांची बेरीज करून दोनने भागायचं. यात चुकण्यासारखं काय आहे?

जावा या प्रोग्रामिंग भाषेच्या स्वतःच्या लायब्ररीत (म्हणजे भाषेसोबत मिळणाऱ्या तयार कोडमध्ये) हाच कोड जवळपास नऊ वर्षं चुकीचा होता. तो लिहिणाऱ्या जोशुआ ब्लॉक यांनीच २००६ साली हे जाहीरपणे लिहिलं. जावातला साधा पूर्णांक ३२ बिटांचा असतो, त्यात २,१४,७४,८३,६४७ पेक्षा मोठा आकडा मावत नाही. यादी साधारण १०७ कोटींच्या वर गेली की त्या दोन टोकांची बेरीज मर्यादा ओलांडू शकते, उत्तर उणे होतं आणि प्रोग्राम कोसळतो. उपाय एका ओळीचा: आधी शेवटच्या आकड्यातून पहिला वजा करा, त्या बाकीचं निम्मं करा, मग ते पहिल्या आकड्यात मिळवा. पण चूक दिसायला आकडे मेमरीत कसे साठवतात ते माहीत हवं, आणि ते शिकवतात कॉम्प्युटर ऑर्गनायझेशनमध्ये. मेसेजवाला ज्याला शिळं म्हणतो, त्याच विषयात.

ब्लॉक कार्नेगी मेलनचे पीएचडी. त्यांच्याही नजरेतून जे निसटलं, ते सहा महिन्यांत फक्त वेबसाइटची बटणं लावायला शिकलेल्या पोराला दिसेल? आता तर दिसायला बरोबर असा कोड एआय मिनिटाला हवा तितका काढून देतं. तो खरंच बरोबर आहे का, हे सांगणारं माणूस कुठून आणणार? नुसतं सांगितलेलं टाइप करणाऱ्याचं काम एआयने घेतलंय, हे मीही मान्य करते. पण सहा महिन्यांचे हे कोर्स नेमकं तेवढंच शिकवतात!

आणि शिळं म्हणजे काय? सी भाषा १९७२ च्या सुमाराची, लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा आजही मुख्यतः तिच्यातच आहे. मी डेटाबेसमधल्या ज्या तक्त्यांवर रोज काम करते त्यांची कल्पना संगणकशास्त्रज्ञ एडगर कॉड यांनी १९७० साली मांडली. ज्या एआयची भीती घालताय, त्याला शिकवण्याची बॅकप्रोपगेशन ही पद्धत १९८६ च्या एका शोधनिबंधामुळे सर्वत्र पोचली. ती समजायला कॅल्क्युलस आणि मॅट्रिक्स लागतात.

एक गोष्ट मात्र खरी आहे, नाइलाजाने का होईना कबूल करते. अभ्यासक्रम बदलायला वर्षं जातात. मी शिकले तिथे जर्नलमध्ये प्रोग्राम हाताने उतरवून काढावे लागायचे, आणि गिट (कोडमधले बदल नोंदवून ठेवणारं साधन) मला कोणी शिकवलं नाही, ते नोकरीच्या पहिल्या आठवड्यात शिकले. पण ते आठवड्यात येतं. ऑपरेटिंग सिस्टिम आठवड्यात येत नाही.

बिल गेट्स. या माणसाचं नाव पुढे करणाऱ्यांनी त्याचा १९७९ चा शोधनिबंध बघावा, संगणकशास्त्रज्ञ ख्रिस्तोस पापादिमित्रिऊ यांच्याबरोबरचा. लहानमोठ्या थालीपिठांची चळत आहे, उलथनं मध्ये कुठेही घालून वरची सगळी एकदम उलटवता येतात, तर मोठं खाली लहान वर अशी चळत लावायला जास्तीत जास्त किती वेळा उलटवावं लागेल? (त्यांच्याकडे ते पॅनकेक.) त्यांनी काढलेली वरची मर्यादा २००८ पर्यंत कोणाला सुधारता आली नाही. हे काम हार्वर्डच्या वर्गात ऐकलेल्या प्रश्नातून निघालं. म्हणजे कॉलेज सोडण्याआधी गेट्स तिथे हेच ‘निरुपयोगी’ गणित करत होता.

मिडियमबद्दल बडोद्यात तरी असं बोलू नये. सयाजीराव महाराजांनी १८९० साली कलाभवन काढलं, प्राचार्य गज्जर यांनी तिथे तांत्रिक शिक्षण मातृभाषेतून देण्याचा आग्रह धरला, आणि विद्यापीठाची आजची टेक्नॉलॉजी फॅकल्टी त्यातूनच वाढली. इंग्रजी पहिलं वर्ष जड जातं, मलाही गेलं. पुढे सवय होते.

कागद कोणी विचारत नाही? गेट या एमटेकच्या प्रवेश परीक्षेचा फॉर्म उघडा. पदवी किंवा निदान पदवीचं तिसरं वर्ष लागतं, आणि अभ्यासक्रमात अल्गोरिदम, कंपायलर, ऑपरेटिंग सिस्टिम, डिस्क्रीट मॅथ्स, सगळं ‘शिळं’ आहे. आयआयटीतलं एमटेक मुख्यतः त्याच दारातून मिळतं.

राहिली ‘नोकरीची हमी’. ताईने पाठवलेल्या अटी मी वाचल्या. नव्वद हजार आधी भरायचे. पैसे परत हवेत तर एकही तास चुकलेला नको, दर महिन्याला त्यांनी सांगितलेल्या प्रत्येक ठिकाणी अर्ज केलेला हवा, आणि कुठल्याही गावची, कितीही पगाराची ऑफर आली तरी ‘हमी पूर्ण’. याला हमी म्हणतात?

ताई, एफडी मोडू नकोस. पोरीला जेवायला घाल. शनिवारी मी येतेय, विद्यापीठाचा फॉर्म आपण तिघी बसून भरू.