मनात द्वेष नाही, मग खोली का नाही?

लातूरच्या मामांनी परवा घरच्या ग्रुपवर मेसेज टाकला: ‘पूर्वग्रह सगळ्यांच्याच मनात असतो, त्यानं कुणाचं बिघडत नाही. भेदभाव द्वेषातून होतो, आणि आता द्वेष करतं कोण? कायद्यानं ते कधीच संपवलं. हुशार असेल तो पुढं जातो.’ त्याला बारावीतल्या माझ्या भाचीनंही लाइकचा अंगठा दिला, म्हणून लिहितोय.

द्वेषाशिवाय भेदभाव होत नाही म्हणे! जूनमध्ये औशाच्या मित्राच्या मुलाला नीटच्या क्लाससाठी खोली बघायला मामांच्याच गल्लीत घेऊन गेलो होतो. पंखा लावून बघितला, भाडं ठरलं. मालकीणबाईंनी पोराला पाणी दिलं, चहा टाकते म्हणाल्या. मग, “आडनाव काय म्हणलास बाळा?” त्यानं सांगितलं. बाई थबकल्या. “यांना विचारून कळवते, एक जण ॲडव्हान्स देऊन जाणार होता.” चहा काही आला नाही. संध्याकाळी मी माझ्या आडनावानं फोन केला, तर खोली रिकामीच. जाब विचारला तेव्हा म्हणाल्या, “आमचं काही नाही हो, बाकीच्या पोरांचे आईबाप काय म्हणतील?” त्यांच्या मनात द्वेष नव्हता, हे मला पटतं. इतरांच्या पूर्वग्रहाची धास्तीच पुरली. खोली गेली ती गेलीच.

‘हुशार तो पुढं’ म्हणणाऱ्यांनी सुखदेव थोरातांचं काम बघावं. आपल्या मिलिंद महाविद्यालयात शिकलेला हा अर्थतज्ज्ञ. त्यांनी आणि पॉल ॲटवेल यांनी २००५ पासून ६६ आठवडे खासगी नोकऱ्यांच्या ५४८ जाहिरातींना ४,८०८ अर्ज पाठवले. शिक्षण तोलामोलाचं, फरक नावाचा. सवर्ण हिंदू नावाच्या तुलनेत दलित नावाला बोलावणं येण्याची संधी सुमारे दोन-तृतीयांश, मुस्लिम नावाला एक-तृतीयांश. २००७ साली हे छापून आलं. मुलाखतीआधीच गाळलेल्या पोरानं हुशारी दाखवायची कुठं?

कायद्याचं म्हणाल, तर अस्पृश्यता बंद करणारा संविधानाचा अनुच्छेद १७ आहेच. तरी वस्त्यांची जातिवाचक नावं बदलायचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाला डिसेंबर २०२० मध्ये घ्यावा लागला.

एक मान्य करतो, मनात असलेलं दरवेळी हातून घडतंच असं नाही. १९३० च्या दशकात अमेरिकेत लापिएर नावाचा प्राध्यापक एका चिनी जोडप्याला घेऊन अडीचशे हॉटेलं-खाणावळी फिरला. नकार एकदाच मिळाला. नंतर पत्रानं विचारलं, तर उत्तर देणाऱ्यांपैकी नव्वद टक्क्यांहून जास्त जणांनी चिनी गिऱ्हाईक नको म्हणून कळवलं. पण म्हणून पूर्वग्रह निरुपद्रवी ठरत नाही. त्या जोडप्यानं आधी पत्र लिहून जागा मागितली असती तर?

मामा, तुमची वरची खोली दिवाळीपासून रिकामी आहे, असं मामी म्हणाल्या. पोरगं अजून औशाहून एसटीनं ये-जा करतंय. त्याच्या वडिलांचा नंबर तुम्हाला वेगळा पाठवलाय.